टाकीतला कोरम

ताई, सप्रेम नमस्कार.
धायरीतल्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. महापालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून उरलेलं टँकरचं आणि बोअरचं. सगळं खालच्या टाकीत एकत्र होतं आणि तिथून वरच्या टाकीत चढतं. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाण्याच्या आजाराचे, पेशंट निघाले तेव्हा घाबरून दोन्ही टाक्या धुऊन घेतल्या. त्यानंतर आजतागायत नाही. विषय काढला की सभासद म्हणतात, "घरोघरी आरओ आहे, टाकीवर कशाला खर्च?" एक ज्येष्ठ सभासद दर मीटिंगला सांगतात, "आम्ही मुठेचं पाणी ओंजळीनं प्यायलो, काही झालं नाही." घरी याच्या उलट. बायकोनं धसका घेतलाय. फरशी, भाजी, मुलाचे हात, सगळ्याला जंतुनाशक. आईच्या हातचं वर्षानुवर्षं चालत आलेलं विरजणही तिनं टाकून दिलं, म्हणते, "त्यातही बॅक्टेरियाच ना?" गेल्या महिन्यात मुलाला जुलाब झाले. मेडिकलवाल्यानं अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून आम्ही बंद केलं. उरलेल्या गोळ्या कपाटात आहेत. यात बरोबर कोण? पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे.
– एक वैतागलेला सेक्रेटरी

सेक्रेटरीसाहेब,

सभेआधी एकदा गच्चीवर जा. हात साबणानं धुवा, वरच्या टाकीचं झाकण काढा आणि पाण्याच्या रेषेपाशी भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागेल. सभासद म्हणतील, शेवाळ आहे. पण शेवाळाला उजेड लागतो, बंद काळोख्या टाकीत ते कुठून येणार? बोटाला लागलं ते जिवाणूंचं बिऱ्हाड. तुम्ही पत्रात चार वेगवेगळी भांडणं लिहिली आहेत, पण मला ती सगळी त्या एका बुळबुळीत दिसतात.

पाण्यात सुटा फिरणारा जिवाणू तसा उघड्यावर पडलेला असतो. खायला फारसं नाही, वर क्लोरीन अंगावर येतं. भिंत सापडली की तो चिकटतो आणि भोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट लगदा सोडतो. मग त्या लगद्यात त्याची पोरंबाळं, शेजारीपाजारी आणि भलत्याच जातीचे पोटभाडेकरूही राहायला येतात. पाण्यातलं क्लोरीन वरच्या थराशी झुंजण्यातच संपतं, आतल्यांपर्यंत पोचतच नाही. सकाळी दात घासण्याआधी जिभेला जो थर लागतो तोही हाच प्रकार, आणि सिंकच्या जाळीखालची बुळबुळही हीच.

आणि हे सगळे कोरमसुद्धा पाळतात! हा माझा विनोद नाही, शास्त्रज्ञांनी वापरलेला शब्दच तो आहे. जिवाणू एक ठरावीक रसायन थोडंथोडं बाहेर सोडत असतो. एकटा असला तर ते वाहून जातं. दाटी झाली की साठत जातं, आणि एका पातळीच्या वर गेलं की सगळे मिळून वागणं बदलतात. कोणी लगदा घालायला घेतात, कोणी विष सोडायला. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमुळे. मोकळ्या पाण्यात विरळ असतात तेव्हा ते काळोखातच राहतात. त्यांच्याच जातीचे जिवाणू एका छोट्या माकुळाच्या (स्क्विडच्या) अंगात दाटीनं राहतात आणि तिथे उजेड पाडतात. आपल्याकडे ४८ सभासदांतले वीस जमवताना सेक्रेटरीच्या चपला झिजतात, आणि टाकीच्या भिंतीवर मात्र रोज कोरम भरतो.

आता घाबरून जाऊ नका. त्या थरातले बहुतेक जिवाणू तुमचं काही वाकडं करणारे नाहीत. अडचण अशी की ते क्लोरीन खाऊन टाकतात. मग एखाद्या दिवशी बाहेरून खरोखर वाईट पाहुणा आला, की त्याला अडवायला पाण्यात पहारेकरी उरलेला नसतो, आणि लपायला लगदा तयार असतो.

तो पाहुणा येतो कसा, हे सभेत आवर्जून सांगा. पाणी चोवीस तास दाबानं वाहत असेल तर फुटक्या सांध्यातून ते बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की नळात पोकळी होते आणि तोच सांधा बाहेरचं आत ओढतो. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर पुढचं तुम्ही समजून घ्या. म्हणून पाणी आल्याआल्याची पहिली दहा मिनिटं टाकीत न घेता सोडून द्यावीत, गाड्या धुवाव्यात, झाडांना घालावीत. मी नोकरीची बरीच वर्षं पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या उघडण्यात घालवली. वाईट निघालेल्या बाटल्यांच्या लेबलवर "पाणी सुटल्यावर लगेच" असं लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलंय की पुढे पुढे लेबल पाहूनच अंदाज यायचा.

२०२५ च्या जानेवारीत तुमच्या भागात काय झालं ते आठवा. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात हातापायांतली ताकद जाणारे पेशंट एकामागून एक दवाखान्यात आले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस, आणि बोट पाण्याकडे वळलं. हा कॅम्पिलोबॅक्टर मोठा चमत्कारिक प्राणी आहे. कोंबडीच्या आतड्यात तो सुखानं राहतो, कोंबडीला सहसा काही होत नाही. तिचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण ४१-४२ अंश, आणि याला नेमकं तेवढंच आवडतं. ऑक्सिजनही त्याला थोडाच लागतो, आपण घेतो ती मोकळी हवा त्याला मानवत नाही. उकळीनं तो मरतो, क्लोरीननं मरतो. म्हणजे उघड्या जगात अगदी लेचापेचा. पण थंड पाण्यात तो तग धरतो, आणि इतरांच्या चिकट लगद्यात घुसायला मिळालं तर जास्तच.

पोटात गेला की दोन ते पाच दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा. बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं. पण त्याच्या अंगावरच्या काही साखरा आपल्या नसांवरच्या साखरांसारख्या दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध हत्यार तयार करतं आणि ते हत्यार नसांवरही चालतं. जुलाब थांबून एक ते तीन आठवडे झाल्यावर पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही. तेच जीबीएस. असं फार थोड्यांना होतं, कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या हजारांत सुमारे एकाला. एकाकडून दुसऱ्याला ते लागत नाही. तेव्हा शेजारच्या पेशंटच्या घरच्यांना लिफ्टमध्ये टाळलं होतं ना काहींनी? त्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

जाता जाता कोंबडीबद्दल. कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीपर्यंत उडतात. धुवायचंच असेल तर भांड्यात हळू विसळा, मग सिंक, सुरी आणि हात साबणानं धुवा. चिकनची फळी वेगळी, कोशिंबिरीची वेगळी.

आता आरओवाले. आरओची जाळी जिवाणू अडवते, मान्य. पण पाणी जाळीपर्यंत पोचायच्या आत कार्बनचा फिल्टर त्यातलं क्लोरीन काढून घेतो. म्हणजे आरओच्या पोटातल्या टाकीत जे पाणी साठतं ते शुद्ध असतं, पण निःशस्त्र. आठ दिवस कोकणात जाऊन आलात आणि आल्याआल्या त्यातलं पेलाभर प्यायलात, तर तुम्ही आठ दिवस उभं राहिलेलं, क्लोरीन नसलेलं पाणी प्यायलात. परत आल्यावर आधी सगळं ओतून द्या, मग नव्यानं भरू द्या. दुसरं असं की खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, त्याला आरओची गरजच नाही. बोअर आणि टँकर यांचं जड असतं, तिथे ठीक आहे.

पण या सभासदांना एवढंच विचारा. दात कोणत्या पाण्यानं घासता? पेला कोणत्या पाण्यानं विसळता? द्राक्षं कशानं धुता? बाळाला आंघोळ घालताना ते किती पाणी गिळतं? माझ्या माहितीत तरी आरओच्या पाण्यानं चूळ भरणारा पुणेकर नाही, आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्यानंच त्याचा जीव कासावीस होतो.

ज्येष्ठ सभासदांशी वाद घालू नका. मुठेचं पाणी ते प्यायले तेव्हा मुठा वेगळी होती, आणि ज्यांना ते पाणी बाधलं ते सांगायला मीटिंगला येत नाहीत. फारच ताणलं तर १८९७ ची आठवण काढा. त्या वर्षी पुण्यात प्लेगनं घरंच्या घरं रिकामी झाली. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या प्लेगचं बीज म्हणजेही जिवाणूच, आणि त्याची युक्ती ऐकाल तर थक्क व्हाल. पिसवेच्या अन्ननलिकेत, पोटाच्या तोंडाशी तो असाच चिकट लगदा घालतो. पिसवेचा मार्ग बंद होतो, प्यायलेलं रक्त पोटात जात नाही, ती उपाशी राहते आणि वेड्यासारखी चावत सुटते. दर चाव्याला थोडे जिवाणू उलटून जखमेत जातात. तुमच्या टाकीतलं बिऱ्हाड ज्या तंत्रानं उभं राहतं, त्याच तंत्रानं उंदरांच्या अंगावरची पिसू घातक झाली. ज्येष्ठांना इतिहास आवडतो, ऐकतील.

घरच्या आघाडीवर मात्र मी वहिनींच्या विरुद्ध उभी राहणार आहे, जरा सांभाळून घ्या. धसका खोटा नाही. आपल्या गल्लीतून अँब्युलन्स गेली की कुणालाही बसेल. पण विरजण टाकून देणं म्हणजे राखणदाराला हाकलणं. दह्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. दूध इतकं आंबट होतं की इतर बहुतेकांना तिथे राहणंच नको होतं. टाकीच्या भिंतीवर जिवाणू लगदा घालून जागा धरतात, दह्याच्या सटात आंबटपणा करून. दूध आधी उकळलेलं असावं आणि सट स्वच्छ असावा, एवढं पाळलं की पुरे. आईंकडून पुन्हा चमचाभर विरजण आणा. थंडीत लागत नाही अशी तक्रार असेल तर सट पिठाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे डिसेंबरात सट कणकेच्या डब्यातच असतो आणि पोळ्या करताना कोणीतरी हमखास विचारतं, "दही कुठं गेलं?"

हातांना साधा साबण आणि वीस सेकंद. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी. "अँटिबॅक्टेरियल" साबणांत वापरलं जाणारं ट्रायक्लोसान अमेरिकेनं २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावलं, कारण साध्या साबणापेक्षा त्याचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. फरशीला जंतुनाशकाची रोज गरज नाही. पोरगं मातीत खेळलं तर खेळू दे, हात धुऊन जेवलं म्हणजे झालं. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, तोसुद्धा बराचसा मातीतल्या जिवाणूंचाच आहे.

मुलाच्या गोळ्यांबद्दल मात्र जरा रागावणार आहे. तुम्हाला वाटेल, कोर्स अर्धवट सोडला तेवढंच चुकलं. त्याआधीची चूक मोठी. साध्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. लागतं ते ओआरएस, एका पाकिटाला सांगितलं असेल तेवढंच पाणी, आणि वयाप्रमाणे झिंक. माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांनी धरून ठेवलेल्या जागेवर बाहेरच्याला सहज बसता येत नाही. गोळी आत जाऊन आपलं-परकं बघत नाही, भाडेकरूंसकट वाडाच रिकामा करते. मग रिकाम्या खोल्यांत कोण शिरेल, सांगता येत नाही. वर कॅम्पिलोबॅक्टर बऱ्याच ठिकाणी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांना दाद देईनासा झालाय. चिकट लगद्यात जवळजवळ राहणारे जिवाणू जनुकांचे तुकडे एकमेकांना देतात, त्यात औषधाला पुरून उरायची विद्याही जाते.

१९५५ मध्ये आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं, ते आपल्या शहराला भूषण आहे. पण त्याच्या दहा वर्षं आधीच, नोबेलच्या व्याख्यानात फ्लेमिंगनं सांगून ठेवलं होतं की हे औषध दुकानात कुणालाही मिळायला लागलं तर लोक कमी मात्रा घेतील आणि जंतू निर्ढावतील. मेडिकलवाल्याच्या काउंटरवर नेमकं तेच झालं. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नका. कपाटातल्या गोळ्या पुढच्या जुलाबांसाठी जपू नका, बेसिनमध्येही ओतू नका. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा दाखवा आणि काय करायचं ते विचारा. शौचात रक्त दिसलं, ताप उतरेना, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, तर वाट न बघता दवाखाना. आणि जुलाब होऊन गेल्यावर महिन्याभरात पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्या, तर त्याच दिवशी.

राहता राहिली टाकी. धुणं म्हणजे घासणं. नुसतं पाणी काढून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) शिंपडलं तर लगदा जिथल्या तिथे राहतो. भिंती, कोपरे, पाइपची तोंडं ब्रशनं घासायची, गाळ काढायचा, मग टीसीएलचं पाणी भिंतींना लावून तासभर ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. दर सहा महिन्यांनी. खालच्या टाकीत वॉचमनच्या मुलाला एकट्याला उतरवू नका. बंद टाकीत हवा वाईट असते, माणसं मरतात. झाकण आधी उघडं ठेवा, वीज बंद करा, वर एक माणूस हजर हवा, आणि शक्यतो हे काम रोज करणाऱ्यांनाच बोलवा. झाकणाची फट, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आणि खालच्या टाकीजवळ ड्रेनेजचं चेंबर आहे का, हे स्वतः बघा. चेंबर टाकीला खेटून असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी प्लंबर.

रोजचं काम त्याहून सोपं. टाकी भरली की हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम टीसीएल, बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत. पिशवी उघडी राहिली की पावडरीचा दम जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मापापेक्षा ओटी टेस्टवर विश्वास ठेवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच. अर्ध्या तासानं शेवटच्या फ्लॅटच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगपट्टीवर निदान ०.२ दिसलं पाहिजे. ते पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं. वॉचमनच्या वहीत रोज आकडा आणि टँकर कुठून भरला ते लिहा. टँकरच्या पाण्याचा संशय असेल तर एचटूएसची बाटली भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळी पडली तर त्या पाण्यात घाण मिसळली आहे असं धरून चाला.

सभेत भाषण करू नका. तीन काचेचे पेले टेबलावर मांडा. एक खालच्या टाकीचं, एक वरच्या मजल्यावरच्या नळाचं, एक चेअरमनसाहेबांच्या आरओचं. सगळ्यांसमोर ओटीचे थेंब टाका. आरओचं पांढरंच राहील, लोक कुजबुजतील. मग क्लोरीन म्हणजे पहारेकरी आणि त्या पेल्यात पहारेकरी नाही, एवढंच सांगा. नळाचाही पेला पिवळा झाला नाही, तर तुम्हाला बोलावंच लागणार नाही. ठराव आधी लिहून न्या: वर्षातून दोनदा टाकी, रोज ओटी, खर्च मेंटेनन्समधून. कोरम नसेल तर नेहमीसारखी सभा अर्धा तास तहकूब करा, चहा सांगा, आणि उरतील तेवढ्यांत मंजूर करून टाका.